बंदीच्या दिवसांत डोळ्याला लेसर करून घेऊ का?

वाचकाचं पत्र:

डॉक्टर, नमस्कार. मी हर्णैजवळच्या गावातला. वय २२. बारावी झाल्यावर वडिलांच्या बोटीवर जायला लागलो, त्याला आता चार वर्षं होतील. चष्मा सातवीपासून. दोन वर्षांपूर्वी दोन्ही डोळ्यांना मायनस पावणेपाच नंबर होता, सिलिंडर अर्धा. यंदा दापोलीत नवा चष्मा करायला गेलो तर उजवा मायनस साडेपाच आणि सिलिंडर सव्वा निघाला. डावा मायनस पाच, सिलिंडर मात्र पूर्वीचाच, अर्धा. बोटीवर चष्मा म्हणजे नुसता वैताग. पाणी उडालं की काचेवर मीठ सुकतं, ओल्या हाताने पुसावं तर आणखी चिकट. दोन चष्मे दर्यात गेले. लेन्स वापरून बघितल्या, डोळा लाल झाला म्हणून सोडल्या. डोळे तसेही खाजतात, खारं पाणी जातं म्हणून असेल, चोळले की बरं वाटतं. लेसरने चष्मा घालवतात म्हणून मुंबईच्या एका सेंटरला फोन केला. ते म्हणाले पावसाळी मासेमारी बंदीत या, दोन्ही डोळ्यांचे पासष्ट हजार, दहा मिनिटांचं काम. माझ्या मावसभावाने केलंय, तो तिसऱ्या दिवशी ऑफिसला गेला. वडील म्हणतात, तुझे पैसे, तू बघ. आई म्हणते, लेसरने डोळा जळेल, देवाने दिलेल्या डोळ्याला हात लावू नकोस. लग्नाचंही बघतायत, मुलीकडचे चष्म्याचं विचारतात. १ जूनला बंदी लागेल. करू की नको?

उत्तर:

तू माझ्या धाकट्या मुलाहून लहान, म्हणून अरेतुरेच करतो. राग मानू नकोस.

उत्तर आधी सांगतो, कारणं मागून. येत्या बंदीत लेसर करू नकोस. तपासणी मात्र बंदीपर्यंत लांबवू नकोस, या पंधरवड्यातच उरकून घे. लेसर करायचं असो-नसो, तुझ्या उजव्या डोळ्यासाठी ती हवी आहे.

पत्र मी तीनदा वाचलं. काचेवरचं मीठ, दर्यात गेलेले चष्मे, पासष्ट हजार, आईची भीती, सगळं तू नीट लिहिलंस. आणि ज्या ओळीवर माझं बोट अडलं ती जाता जाता लिहून गेलास. डोळे खाजतात, चोळले की बरं वाटतं. आता त्या ओळीशेजारी उजव्या डोळ्याचा आकडा ठेवून बघ. दोन वर्षांत नंबर पाऊणने वाढला, ते एक वेळ सोडून देऊ. पण सिलिंडर, म्हणजे डोळ्याच्या वाकड्या गोलाईचा नंबर, अर्ध्यावरून सव्वावर गेला, आणि तोही एकाच डोळ्यात.

कदाचित काहीच नसेल. दुकानातल्या मशीनवर घाईत काढलेला नंबर इकडेतिकडे होतो, रात्रभर जागून किनाऱ्याला लागलेल्या माणसाचा तर होतोच. पण विशीतला मुलगा, डोळे चोळायची सवय आणि एका डोळ्यात चढत चाललेला सिलिंडर, हे तिघं एकत्र दारात उभे राहिले की आम्ही चौथा कुठे लपलाय ते बघतो. त्या चौथ्याचं नाव केराटोकोनस.

बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखी एक पारदर्शक काच असते, ती कॉर्निया. मधोमध तिची जाडी सरासरी ५४० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून जरा जास्त. केराटोकोनसमध्ये ही काच एका जागी, बहुतेकदा मध्यापेक्षा थोडी खाली, पातळ होत जाते आणि डोळ्याच्या आतल्या दाबाने तिथेच पुढे फुगते. घुमटाचा शंकू होतो. सुरुवात साधारण मिसरूड फुटायच्या वयापासून पंचविशीपर्यंत कधीही. दुखत नाही, लालही होत नाही. सिलिंडर वाढत राहतो आणि चष्मा बदलला तरी मनासारखं दिसत नाही, एवढंच. माणूस चष्मेवाल्याला शिव्या घालतो आणि दुकान बदलतो. डोळे जोरजोरात चोळण्याने हे वाढतं, यावर आमच्यात आता फारसं दुमत उरलेलं नाही.

आणि लेसर काय करतो? हीच काच आणखी पातळ करतो. बोटीची फळी आतून कुजत आली असेल तर तिला रंधा मारून गुळगुळीत करशील का तू? तसंच ते. चांगल्या काचेवर लेसर केला तर बहुतेकांचं उत्तम होतं. अशा काचेवर केला तर ती काही महिन्यांत किंवा वर्षांत पुढे यायला लागते, आणि मग ना चष्म्याने भागतं ना साध्या लेन्सने. काहींना शेवटी दुसऱ्याचा कॉर्निया बसवावा लागतो.

म्हणून आधी नकाशा. कॉर्नियल टोपोग्राफी म्हणतात त्याला, किंवा मशीनच्या नावावरून सरळ पेंटाकॅम. हनुवटी टेकवायची, समोरच्या दिव्याकडे बघायचं, दोन सेकंद पापणी लववायची नाही. संपलं. मशीन डोळ्याला शिवतही नाही. मग पडद्यावर रंगीत गोल उमटतो. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळ आलं तेव्हा तुम्ही सगळे मोबाईलवर जसे निळे-पिवळे-लाल नकाशे बघत बसला होतात, तसाच. निळं म्हणजे काचेचं वळण सपाट, लाल म्हणजे उभट. निरोगी डोळ्यात रंग वरखाली साधारण सारखे पसरतात. सिलिंडर असेल तर मधे बो-टायसारखी आकृती दिसते, वरचा पंख आणि खालचा पंख जवळपास सारखे. केराटोकोनसमध्ये लाल रंग खाली एका बाजूला साचतो, वादळाचा डोळा किनाऱ्याजवळ सरकावा तसा. शेजारी जाडीचा दुसरा नकाशा असतो, आणि काचेच्या मागच्या बाजूचा तिसरा. तो मागचा फार कामाचा, रोग बऱ्याचदा आधी तिथे दिसतो.

काही वर्षांपूर्वी आंब्याच्या बागेत फवारणी करणारा एक मुलगा माझ्याकडे आला होता. लेसरची तारीख घेऊन आला होता, माझ्याकडून फक्त 'डोळे ठीक आहेत' एवढं लिहून हवं होतं. तो बोलत असताना मी बघत होतो. पाच मिनिटांत चार वेळा त्याने मुठीच्या मागच्या बाजूने डावा डोळा चोळला, पोरं झोपेतून उठल्यावर चोळतात तसा. नकाशा काढायला पाठवला. डाव्यात खाली लाल गोळा स्पष्ट. माझ्यावर इतका चिडला की फी न देता गेला. दोन महिन्यांनी वडिलांना घेऊन परत आला. मग त्याचं क्रॉसलिंकिंग झालं. आज तो चष्माच लावतो आणि त्याला चष्म्याने नीट दिसतं. फी अजून दिलेली नाही, पण दरवर्षी पेटी येते.

क्रॉसलिंकिंग म्हणजे काय, तेही सांगतो, म्हणजे रिपोर्टमध्ये काही निघालंच तर गूगलवर भलतंसलतं वाचून झोप उडवून घेणार नाहीस. डोळ्यात रायबोफ्लेविनचे, म्हणजे बी-२ जीवनसत्त्वाचे पिवळे थेंब घालतात आणि त्यावर ठरावीक वेळ अतिनील प्रकाश सोडतात. त्याने काचेतले धागे एकमेकांना घट्ट बांधले जातात आणि फुगणं थांबतं. नंबर जात नाही, रोग आहे तिथे थांबतो. म्हणूनच लवकर सापडण्याला मोल आहे.

आता धरून चालू की नकाशा स्वच्छ निघाला. निघो.

तरी या वर्षी नाही. लेसर आजचा नंबर खोडतो, उद्या वाढणारा नाही. निदान एक वर्ष नंबर स्थिर हवा, फार तर अर्ध्या पॉईंटचा फरक चालतो. तुझा अजून चालता आहे. आज कोरून घेतलंस आणि पंचविशीत पुन्हा मायनस एक चढला, की चष्मा परत नाकावर आणि पासष्ट हजार गेलेले. तेव्हा या एप्रिलचा नंबर डॉक्टरकडे नीट काढून कागदावर घे, पुढच्या एप्रिलला पुन्हा काढ. जुळले तर पुढची बंदी तुझी.

आईला सांग की हा लेसर जाळत नाही. तिची भीती खुळी मात्र नाही, कारण लेसर म्हटलं की लोखंड कापणाराच डोळ्यासमोर येतो. डोळ्यासाठी वापरतात तो एक्सायमर लेसर, १९३ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश. रेणूंचे बंध तोडून तो मांसाचा अगदी पातळ थर वाफेसारखा उडवतो, आजूबाजूला धग लागत नाही. हे पहिल्यांदा लक्षात आलं ते अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत, १९८१ साली. मद्रासला जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन यांनी सणाच्या जेवणातून उरलेलं टर्कीचं मांस प्रयोगशाळेत नेलं आणि त्यावर हा लेसर मारून बघितला. कडा जळलेली नाही, चीर सुरीसारखी. तुझ्या आईने सुरमई कापताना काटा जसा साफ सुटतो तशी. हे उदाहरण तिला पटेल असं वाटतं. देवाने दिलेल्या डोळ्याचं काय म्हणायचं, ते मात्र तुम्हा मायलेकरांत. मी देवावर बोलत नाही, ओपीडी बंद पडेल.

हिशेब मात्र समजून घे, म्हणजे सेंटरवर कोणी घाई केली तर तुला स्वतः मोजता येईल. एक नंबर घालवायला साधारण १५ मायक्रॉन काच उडवावी लागते. तुझ्या उजव्याचे साडेपाच आणि सव्वा धरले तर पावणेसात, म्हणजे सुमारे १०० मायक्रॉन. लॅसिक करायचं तर त्याआधी वरचा एक पापुद्रा झाकणासारखा उघडतात, तो ११०च्या आसपास. झाकण परत ठेवलं तरी ते काचेला पहिल्यासारखं बळ देत नाही, म्हणून ते वजाच धरायचं. ५४० असतील तर खाली ३३० उरले, चांगलं. जाडी ४८० निघाली तर २७० उरतात, आणि तिथे शहाणा डॉक्टर थांबतो. २५०च्या खाली जायचं नाही हा जुना नियम, आणि मला विचारशील तर ३००च्या खालीही माझ्या मुलाला मी पाठवणार नाही. जाडी कमी आणि नंबर मोठा असेल तर डोळ्याच्या आत बसवायची लेन्स असते, आयसीएल. तिचा खर्च लेसरपेक्षा पुष्कळ जास्त. तुझ्या नंबरला तो विषय आज काढायचं कारण नाही.

मावसभावाचं बहुधा हेच लॅसिक झालं असणार. झाकण परत बसवतात, दुसऱ्या दिवशी लख्ख दिसतं, तिसऱ्या दिवशी ऑफिस. त्याचं ऑफिस एसीत, समोर फार तर एक मॉनिटर. तुझ्या समोर ताणलेला दोर, शिसं लावलेलं जाळं, उसळणारी सुरमई. ते झाकण कडेने जुळतं पण पूर्ण सांधत नाही. जोराचा फटका बसून वर्षांनंतरही सरकल्याच्या नोंदी आहेत. किनाऱ्यावर सरकलं तर दोन तासांत कोणाकडे तरी जाशील. हर्णैपासून चाळीस वाव पाण्यात सरकलं तर?

म्हणून तुझ्या धंद्याला झाकण नसलेलं बरं. त्यात दोन प्रकार. एक पीआरके, सगळ्यात जुना. वरची नाजूक साल काढून थेट वरूनच लेसर मारतात, साल चार-पाच दिवसांत पुन्हा धरते. हे तीन-चार दिवस मात्र कठीण. माझ्या पुतणीने केलं तेव्हा ती पडदे लावलेल्या खोलीत उशीत तोंड खुपसून होती, कोणी किलोभर कांदे चिरून डोळ्यात पिळल्यासारखं वाटतंय म्हणाली. दिसणं हळूहळू सुधारतं, पूर्ण बसायला काही आठवडे, कधी तीन महिने. शिवाय नंतर कडक ऊन डोळ्यात गेलं तर काचेवर पुसटसं धुकं धरू शकतं, आणि दर्यावर ऊन वरूनही येतं आणि पाण्यावरूनही. काळा गॉगल तेव्हा शौक म्हणून नव्हे, औषध म्हणून लावायचा. दुसरा प्रकार स्माईल. त्यात बारीक चिरेतून आतली चकती काढतात, झाकण नाही, त्रासही कमी, खर्च जास्त. तुझ्या काचेला कोणतं बसतं ते नकाशा बघून तिथला डॉक्टर ठरवेल. फोनवर ठरवणारं माणूस डॉक्टर नसतं. नकाशा न बघता जे 'या' म्हणाले त्यांना एवढंच विचार की महिन्यात किती जणांना तुम्ही नाही म्हणून परत पाठवता. उत्तर द्यायला अडखळले तर फोन ठेव.

दोन गोष्टींचा त्रास तुला मावसभावापेक्षा जास्त होऊ शकतो, त्या आधीच कळलेल्या बऱ्या. लेसरमध्ये कॉर्नियाच्या बारीक नसा कापल्या जातात. डोळा कोरडा झाला हे मेंदूला कळवणाऱ्या नसा याच, त्या तुटल्या की पाणी कमी सुटतं. बहुतेकांचं सहा महिने-वर्षात जागेवर येतं, थोड्यांचं रेंगाळतं. त्यात तू दिवसभर खाऱ्या वाऱ्यात. तपासणीच्या वेळी पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं बसवतील, ते पाणी किती सुटतं ते मोजायला. त्या पाच मिनिटांचा कंटाळा करू नकोस.

दुसरी गोष्ट रात्रीची. अंधारात बाहुली मोठी होते, लेसरने घडवलेल्या भागाच्या बाहेरूनही उजेड आत शिरतो आणि दिव्यांभोवती वलयं दिसतात, दिवा फुटल्यासारखा पसरतो. बऱ्याच जणांना पहिले काही महिने, काहींना कायमचं थोडं. रस्त्यावर गाडी चालवणारा वेग कमी करतो आणि भागतं. तू पहाटे तीनला सुकाणूवर असतोस, समोरच्या बोटीचा दिवा लाल की हिरवा यावर कुठे वळायचं ते ठरतं. तेव्हा अंधारात बाहुली किती मोठी होते ते मोजलं का, हे विचारायचं. आणि केल्यानंतर रात्रीचं सुकाणू महिना-दोन महिने वडिलांकडे.

बंदीचा तुझा विचार मला आवडला. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस, पगारी रजा मागायची गरज नाही. पण बंदीत तू रिकामा असतोस का? बोट ओढून वर घ्यायची, खरवडायची, फायबरला घासकाम, रंग, जाळी शिवायची. लेसर केलेल्या डोळ्यासमोर घासकामाची धूळ चालणार नाही, रंगाचा वास नाही, डोक्यावरून पावसाचं पाणी नाही. संध्याकाळी लिलावाच्या किनाऱ्यावर उडणारी वाळूसुद्धा नाही. म्हणजे त्या दोन महिन्यांतले पहिले तीन-चार आठवडे बोटीवरचे दोन हात कमी. हे वडिलांना आत्ताच सांगून ठेव. 'तुझे पैसे, तू बघ' म्हणणाऱ्या माणसाने हे मोजलेलं नसतं. शिवाय पावसाळ्यात डोळे येण्याची साथ असते, २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये महाराष्ट्रभर तिची मोठी लाट आली होती. करायचं झालं तर जूनच्या पहिल्या आठवड्यात कर, घरात कोणाचे डोळे आले तर वेगळा टॉवेल, वेगळी उशी. आणि दुसऱ्या दिवशी घरी वगैरे विसर. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, महिन्याने दाखवावं लागतं, थेंब आठवडे-महिने चालतात आणि त्यातल्या स्टेरॉईडने डोळ्याचं प्रेशर वाढतं का तेही बघावं लागतं. मुंबईत पहिला आठवडा राहायला नातेवाईक बघून ठेव. मावशी आहेच की.

विम्याचं विचारलं नाहीस, तरी सांगतो. साडेसातपेक्षा कमी नंबर घालवायचा खर्च आरोग्य विमा देत नाही. पासष्ट हजार पूर्ण तुझ्या खिशातले.

लेसरने जे होत नाही त्याचं थोडक्यात. मायनस नंबरचा डोळा मुळात लांबट असतो, आणि तो लांबटच राहतो. समोरची काच घासली म्हणून मागचा पडदा सुधारत नाही. साडेपाचाला पडदा कडेने पातळ असू शकतो, म्हणून बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी आत्ताही कर आणि नंतरही दरवर्षी. डोळ्यात विजा चमकल्यासारखं दिसलं, काळे ठिपके अचानक वाढले, कडेने सावली सरकत आली, तर ती बोट त्याच दिवशी वळवायची. मासळीच्या भावाचा मुद्दा नंतर.

आणि चाळिशी. मी स्वतः चष्मा लावतो. डोळ्याचे डॉक्टर असून चष्मा कसा, हे मला आठवड्याला एकदा विचारलं जातं. माझा मायनस तीन आहे, आता वय झाल्यावर बारीक अक्षर वाचायला मी चष्मा काढून ठेवतो आणि सगळं दिसतं. हे सुख मला मशीनला द्यायचं नव्हतं. तुला पंचेचाळिशीत जाळ्याचा आस विणायला, सुईत दोरा घालायला जवळचा चष्मा लागेल, लेसर केलास तर नक्कीच. तुझे वडील लावतात का बघ. बावीस वर्षांच्या मुलाने पंचेचाळिशीसाठी आज चष्मा सांभाळत बसावं असं माझं म्हणणं नाही, पण कोणी 'कायमचा चष्मा गेला' म्हटलं तर तेवढं अर्धसत्य.

लग्नाचं एकच. स्थळासाठी डोळ्यावर शस्त्रक्रिया करायची असेल तर माझ्याकडे येऊ नकोस. आणि लेसर केल्यावरही मुलीकडच्यांना नंबर होता हे सांगायचं. मायनस नंबर घराण्यात उतरतो, पुढच्या पिढीतला चष्मा लेसरने थांबत नाही.

वर्षभर काय करायचं? खाज थांबवणं पहिलं. खाऱ्या पाण्याने डोळा झोंबतो, पण बारमाही खाज बऱ्याचदा ॲलर्जीची असते, तिला थेंब आहेत. ते डॉक्टरने लिहून दिलेलेच. मेडिकलवाला 'हे घाल, लगेच थांबेल' म्हणून जे देतो त्यात पुष्कळदा स्टेरॉईड असतं, महिनोन्महिने घातलं तर काचबिंदू आणि मोतीबिंदू दोन्ही. खाज आली की पिण्याच्या पाण्याने डोळे धू, गार पाण्यात पिळलेला स्वच्छ रुमाल मिटलेल्या डोळ्यावर ठेव. बोटीवर बर्फाला तोटा नाही हे मला माहीत आहे, पण तो मासळीचा.

लेन्स सोडल्यास ते उत्तम केलंस. बोटीवर हात स्वच्छ राहत नाहीत, आणि लेन्सखाली घुसलेल्या जंतूने आठवड्यात बुबुळावर फूल पडलेलं मी पाहिलंय. चष्माच ठेव, पण बोटीचा वेगळा कर. पॉलिकार्बोनेटची काच घे, फटक्याने तिचे तुकडे होत नाहीत. मागून डोक्याला घट्ट बसणारा पट्टा लाव, खेळाडू लावतात तसा. एक जुना चष्मा झाकणाच्या डब्यात केबिनमध्ये कायम ठेव. पुसायला मळकी बनियन नको, आधी गोड्या पाण्याने मीठ विरघळव, मग पूस. सुकं मीठ पुसलं की काचेवर ओरखडे, आणि मग वाटतं नंबरच वाढला. तीन-चार हजारांत हे सगळं होईल.

तपासणीला दापोलीहून कुठे जायचं ते तुझ्या सोयीने बघ. टोपोग्राफीची सोय आहे का हे आधी फोन करून विचार. माझ्याकडे लेसरचं मशीन नाही आणि तुला कुठे पाठवून मला काही मिळत नाही, म्हणून मी नाव सांगत नाही. नकाशाची रंगीत प्रत मागून घे, नुसतं 'नॉर्मल' लिहिलेली चिठ्ठी घेऊ नकोस. ते कागद, नंबर आणि जाडीसकट, प्लास्टिकमध्ये बांधून बोटीच्या कागदांबरोबर ठेव. पुढे कधी लेसर केलंस तर म्हातारपणी मोतीबिंदूच्या लेन्सचा नंबर काढताना तेव्हाच्या डॉक्टरला हे आजचे आकडे हवे असतील.

बाहुली मोठी करायचे थेंब घातले की चार-सहा तास जवळचं दिसत नाही आणि ऊन सहन होत नाही, तेव्हा त्या दिवशी बाईक घरी ठेव आणि एसटीने जा. आईला सोबत ने. नकाशा पडद्यावर येईल तेव्हा तिलाही आत बोलवा म्हणावं. उजव्याचा रिपोर्ट हातात पडला की मला याच पत्त्यावर पाठव, डावा मागून बघू.